मस्जिद बंदरहून दिसणारा युरोप

मस्जिद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद कोणाची, हे लोकलच्या डब्यात कुणालाही विचारा. उत्तर एकच येईल आणि ते बहुतेक चुकेल. जुने मुंबईकर सांगतात की हे नाव पडलं ते ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून. स्टेशनाच्या पश्चिमेला उतरायचं, हातगाड्या आणि पाठीवर पोती घेतलेले माथाडी चुकवत सॅम्युएल स्ट्रीट गाठायची. तिथे 'शार हारहमीम' आहे, म्हणजे दयेचं दार. कंपनी सरकारच्या पलटणीत नोकरी केलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली या सिनेगॉगची स्थापना केली.

दिवेकर हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून मुंबईत आलेले, घरीदारी मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, ही या समाजाची मूळकथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. सिनेगॉगला ते आपल्या बोलीत मशीदच म्हणत. दुसरी बांधली गेल्यावर दिवेकरांची झाली जुनी मशीद. खुद्द दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले होते. बनी इस्राईल हे नाव कुराणात आहे हे टिपूच्या आईला ठाऊक होतं, म्हणून तिने रदबदली केली आणि ते सुटले, असं सांगतात. कथा खरी असो वा नसो, आपल्या पूर्वजाला एका मुसलमान बाईने वाचवलं हे दोनशे वर्षं आवडीने सांगणारा हा समाज आहे. आजही जुन्या मशिदीच्या आजूबाजूला मुसलमान वस्ती आहे. आग्रीपाड्यातल्या १९३१ च्या मागेन हसीदिम सिनेगॉगचे शेजारीही तेच.

इस्रायल-पॅलेस्टाइनवरून युरोपात जी भांडणं चालतात ती समजून घेताना मी मुद्दाम इथे येऊन उभा राहिलो आहे. युरोप त्या प्रश्नाकडे बघतो तेव्हा निम्मा वेळ आरशातच बघत असतो. तो आरसा आपण जसाच्या तसा उचलून घरात टांगला की त्यात आपलं तोंड वाकडं दिसतं.

गोष्ट लंडनमध्ये सुरू होते, पण वाटेत मुंबईच्या धक्क्याला लागते. १८८१ नंतर झारच्या रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि लाखो गरीब ज्यू पश्चिमेकडे निघाले. त्यांचा लोंढा थोपवायला ब्रिटनने १९०५ मध्ये परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा केला. तेव्हाचे पंतप्रधान होते आर्थर बाल्फोर. हेच बाल्फोर १२ वर्षांनी परराष्ट्रमंत्री असताना २ नोव्हेंबर १९१७ ला ते प्रसिद्ध पत्र लिहितात: पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर व्हावं, याला सरकारची सहानुभूती आहे. त्यामागे युद्धातली गणितं होती, बायबलवर वाढलेल्या पिढीचा भाविकपणाही होता. पण नको असलेल्या पाहुण्याची पथारी परस्पर तिसऱ्याच्या ओसरीवर टाकावी, तसा प्रकारही त्यात होता. त्या ओसरीवर राहणाऱ्यांत दहातले नऊ अरब होते. पत्रात त्यांचा उल्लेख 'ज्यूंव्यतिरिक्त समाज' असा आहे. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही म्हटलंय, राजकीय हक्कांचं नाव नाही.

या पत्राला मंत्रिमंडळात सगळ्यात कडाडून विरोध केला तो तिथल्या एकमेव ज्यू मंत्र्याने. ते आपल्या ओळखीचे आहेत. भारतमंत्री एडविन माँटेग्यू, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधले. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांनी एक टिपण लिहून सहकाऱ्यांपुढे ठेवलं आणि आपल्याच सरकारच्या धोरणावर ज्यूद्वेषाचा शिक्का मारला. त्यांचं म्हणणं असं की ज्यूंचं वेगळं राष्ट्र तुम्ही मान्य केलंत की प्रत्येक देशातला ज्यूद्वेष्टा शेजारच्या ज्यूला म्हणेल, तुझं घर तिकडे, इथे काय करतोस? त्यांच्या धडपडीचा उपयोग एवढाच झाला की इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना बाध येणार नाही, असं एक वाक्य पत्रात आलं. पत्र निघालं तेव्हा माँटेग्यू बोटीवर होते. १० नोव्हेंबरला ते मुंबईत उतरले, या देशाला किती स्वराज्य द्यायचं ते बघायला.

ते उतरले त्या शहरातल्या ज्यूंनाही ज्यू राष्ट्राची घाई नव्हती. १८९७ मध्ये बासेलला ज्यू राष्ट्र मागणाऱ्यांची, म्हणजे झायनिस्टांची, पहिली परिषद भरली तिचं आमंत्रण बेने इस्रायलींना आलं होतं. त्यांनी नको म्हणून कळवलं. परत जाण्याची वेळ देव ठरवील, माणसांनी परिषदा भरवून ती ठरवायची नाही. त्यांना पळून जायला कारणच नव्हतं. रेल्वे, कस्टम, टपाल, इस्पितळं, पलटण, सगळीकडे त्यांच्या नोकऱ्या होत्या. १९१६ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाची कारवाई झाली तेव्हा जिनांच्या जोडीला उभे राहिलेले वकील एरुलकर हे बेने इस्रायलीच.

माझं बालपण परळला गेलं. चाळीतले जुने कामगार इंडिया युनायटेडच्या एक नंबर मिलला 'जेकब' म्हणायचे. जेकब म्हणजे जेकब ससून, बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातले. मालक ज्यू आहे म्हणून कुणी शिव्या दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिव्या भरपूर होत्या, पण त्या मालक म्हणून होत्या. युरोपात नेमका हा फरक पुसला गेला होता. सावकार ज्यू असला की सावकारीचा राग सगळ्या ज्यूंवर, क्रांतिकारक ज्यू असला की क्रांतीची भीतीही सगळ्या ज्यूंवर. एकच माणूस भांडवलदारही आणि बोल्शेविकही. शिवाय त्याच्या खाली चर्चने शतकानुशतकं शिकवलेलं ख्रिस्ताच्या खुनाचं पाप. आपल्याकडे हे पापच कुणाला ठाऊक नव्हतं. याचं श्रेय आपण फार घेऊ नये. माणसाला जन्मावरून बाहेर बसवायची सोय आपण दुसऱ्या दिशेने करून ठेवली होती, आणि त्या काळात बेने इस्रायलींमध्येही गोरे ज्यू आणि काळे ज्यू असे भेद मानत.

मार्च १९३८ हा महिना घ्या. हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं आणि तिथल्या ज्यू डॉक्टर-प्राध्यापकांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावलं गेलं. बघे हसत उभे होते. त्याच महिन्यात मुंबईच्या महापौरपदावर एक ज्यू डॉक्टर होते, डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा.

त्याच वर्षी जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांची परिषद भरली. ज्यू निर्वासितांना कोण घेणार, हा विषय. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार जवळपास कुणीच उघडलं नाही. काही थोडे लोक मुंबईला पोचले. इथे १९३४ पासून ज्यू रिलीफ असोसिएशन काम करत होती. निर्वासिताची हमी घेणं, नोकरी शोधणं, सरकारदरबारी खेटे घालणं.

आलेल्यांपैकी एकाला तुम्ही ऐकलेलं आहे. सकाळी सहाच्या आत चाळीत कुठेतरी रेडिओ लागायचा आणि बातम्यांच्या आधी तंबोऱ्यावर ती व्हायोलिनची धून यायची. प्रायमसचा आवाज, नळावर बादल्या आणि ती धून. तिचं श्रेय साधारणपणे वॉल्टर कौफमान यांना देतात. कार्ल्सबादमध्ये जन्मलेले, १९३४ मध्ये प्राग सोडून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार. ते १९३७ ते १९४६ आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ मध्ये आल्या, इथे त्यांनी नृत्यशाळा काढली, एका पारशी डॉक्टरशी लग्न केलं. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू, म्हणून त्यांनीही व्हिएन्ना सोडलं आणि ते टाइम्सचे कला-दिग्दर्शक झाले. ते, समीक्षक रूडी फॉन लायडेन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर अशा तिघांनी आरा, रझा, हुसेन या पोरांना हात दिला. त्यांच्याच प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये आपले गाडे आणि बाकरेही होते. हिटलरने हाकललं नसतं तर मुंबईच्या चित्रकलेचं काय झालं असतं, असा विचार मनात येतो आणि मग लाज वाटते.

पण मुंबई म्हणजे काही स्वर्ग नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मन पासपोर्टवाले सगळे इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरले. चार वर्षांपूर्वी न्युरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीने ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं, त्यांना इंग्रजांनी जर्मन म्हणून उचललं आणि अहमदनगरच्या छावणीत टाकलं. हिटलरपासून पळालेला आणि हिटलरच्या पक्षाचा सभासद, दोघे एकाच तारेच्या कुंपणात. चौकशी होऊन बरेच जण सुटले. काहींना पुढे पुरंदरावरच्या छावणीत दिवस काढावे लागले.

या काळात आपली मोठी माणसं काय म्हणत होती? नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉगं जाळली गेली. त्यानंतर पंधरवड्याने, २६ तारखेच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला. ज्यूंबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता, दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग मित्र कॅलनबाख ज्यूच. पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं, आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह करायला सांगितलं. यावर जेरुसलेमहून ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी त्यांना दीर्घ उत्तर लिहिलं. त्याचा गाभा असा की तुम्ही ज्या सरकारपुढे सत्याग्रह केलात ते आणि हे एक नव्हेत. माझं मत बुबरांच्या बाजूने पडतं. मात्र पॅलेस्टाइन तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय कुणाला देता येत नाही, हा गांधीजींचा मुद्दा बुबरांच्या उत्तराने संपत नाही. बुबर स्वतःही दोन्ही समाजांनी मिळून एकच देश चालवावा या मताचे होते.

शिवाजी पार्कात सावरकर होते. १९३८ च्या भाषणांत त्यांनी राष्ट्र बहुसंख्यांचं असतं हे पटवायला जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचा दाखला दिला. डिसेंबर १९४७ मध्ये याच सावरकरांनी ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचं स्वागत करणारं पत्रक काढलं. २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनची फाळणी ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाली होती, १० देश तटस्थ राहिले होते, आणि भारताने विरोधात मत दिलं याचा त्यांना विषाद वाटला. वरवर ही कोलांटी वाटते. मला ती तशी वाटत नाही. दोन्ही वेळी त्यांच्या डोळ्यापुढे ज्यू नव्हता, इथला मुसलमान होता. गांधीजींच्या डोळ्यापुढेही, खिलाफतीपासून, इथला मुसलमान होताच, फक्त त्याला जवळ धरायचं होतं. ज्यू माणूस दोघांच्याही मांडणीत उदाहरणापुरता आला.

आजचा युरोप याहून वेगळा नाही. जर्मनीने १९५२ च्या लक्झेंबर्ग करारात इस्रायलला ३०० कोटी मार्क द्यायचं कबूल केलं. ६० लाख माणसं मारल्याची भरपाई पैशाने होत नाही हे घेणाऱ्यालाही कळत होतं, देणाऱ्यालाही. करारावरून इस्रायलमध्ये दगडफेक झाली. २००८ मध्ये अँगेला मर्केल यांनी इस्रायलच्या संसदेत उभं राहून सांगितलं की इस्रायलची सुरक्षा हा जर्मनीच्या राष्ट्रहिताचाच भाग आहे. म्हणून बर्लिनमध्ये गाझावर बोलायला उठलेला माणूस आधी आपल्या आजोबांशी बोलत असतो. आयर्लंडचं उलट आहे. त्यांच्या आठवणीत इंग्रजांनी बळकावलेली जमीन आणि फाळणी, त्यामुळे त्यांना पॅलेस्टिनी माणूस जवळचा वाटतो. मे २०२४ मध्ये आयर्लंड, नॉर्वे आणि स्पेनने पॅलेस्टाइनला मान्यता दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द बाल्फोरच्या ब्रिटनने दिली, पाठोपाठ फ्रान्सने. जर्मनीने त्यांच्या रांगेत जायचं टाळलं.

खरी गुंतागुंत पक्षांमध्ये आहे. फ्रान्समधल्या कट्टर उजव्या पक्षाचे संस्थापक जाँ-मारी ल पेन १९८७ मध्ये वायूकोठड्यांना दुसऱ्या महायुद्धातला एक तपशील म्हणाले होते. त्यांची कन्या मारीन नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसला ज्यूद्वेषाच्या निषेधाच्या मोर्चात चालली. मनपरिवर्तन झालं असेलही. पण इस्रायल आता मुसलमानांविरुद्धच्या लढाईतला साथीदार झाला आहे, हे त्यामागे नाही असं म्हणवत नाही. हंगेरीत ऑर्बान यांनी २०१७ मध्ये जॉर्ज सोरोस या ज्यू धनाढ्याच्या हसऱ्या चेहऱ्याची पोस्टरं देशभर लावली, आणि नेतान्याहूंशी मैत्रीही जपली. डावीकडे उलटी घसरण. ब्रिटनच्या लेबर पक्षात पॅलेस्टाइनचा कैवार घेताना ज्यू सभासदांशी जे वर्तन झालं त्यात कायद्याचा भंग झाल्याचं तिथल्या समानता आयोगाने २०२० मध्ये नोंदवलं. नेतान्याहूंवर टीका करता करता 'हे लोक' कधी सुरू होतं ते बोलणाऱ्याला कळतही नाही.

आणि रस्त्यावर? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या हिशोबाने ६०,००० च्या वर बळी गेले. फ्रान्समध्ये २०२२ साली ज्यूद्वेषाच्या ४३६ घटना नोंदल्या होत्या, २०२३ साली १,६७६. गाझातल्या बॉम्बचा जाब पॅरिसच्या शाळकरी ज्यू मुलाला विचारला जातो. हल्लेखोर एका गटाचे नाहीत. २०१५ मध्ये पॅरिसच्या कोशर दुकानात चौघांना मारणारा इस्लामी दहशतवादी होता, २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाल शहरात सिनेगॉगचं दार फोडू बघणारा गोरा वंशवादी. माँटेग्यूंना जी भीती होती तिचंच हे नवं रूप: घर तिकडे आहे ना, मग तिकडच्या कर्माचा झाडा इथे दे.

बेने इस्रायली मात्र खरंच तिकडे गेले, आणि तिथे त्यांना युरोपच भेटला. १९४८ नंतर हजारोंनी मुंबई-कोकण सोडलं. कुणी हाकललं नव्हतं. धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय होणार ही धाकधूक होती. तिकडे कारभार युरोपातून आलेल्या ज्यूंच्या हाती. रंगावरून काम मिळतं, पाव सुद्धा रंगावरून मिळतो, अशा तक्रारी करत काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला मुंबईला परत पाठवा म्हणून. १९५२ मध्ये दीडशेच्या आसपास लोक विमानाने परत आले. ज्यू देशातून मायदेशी मुंबईत! यातले बरेच पुढे पुन्हा तिकडे गेले, हेही खरं. मग रब्बींनी प्रश्न काढला की हे शुद्ध ज्यू कशावरून, यांच्याशी लग्न लावताना आजी-पणजीपर्यंत चौकशी करा. सोवळं-ओवळं बघत वाढलेल्या माणसांना ही भाषा नवी नव्हती, ती आपल्यावर उलटलेली मात्र प्रथमच बघत होते. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी सत्याग्रह मांडला आणि ऑगस्टमध्ये संसदेला ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव करावा लागला.

इथे उरले थोडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २,४६६ ज्यू मोजले गेले. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. 'आम्हाला या देशात कधी त्रास झाला नाही' हे वाक्य ते अभिमानाने सांगत. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये पाकिस्तानातून आलेल्या अतिरेक्यांनी रब्बी होल्त्सबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार ज्यूंना मारलं. दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर धावली ती त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल. तेव्हापासून इथल्या सिनेगॉगांबाहेरही पोलीस दिसतात, पॅरिससारखेच.

बाकी आपल्याकडे द्वेषापेक्षा अडाणीपणा जास्त. २००६ मध्ये खारघरला एका हॉटेलला हिटलरचं नाव दिलं गेलं, आत त्याचा फोटो. ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर नाव बदललं. दादर स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर व्यक्तिमत्त्व विकास आणि यशाच्या गुरुकिल्ल्यांच्या मधोमध 'माइन काम्फ' अजून मांडलेलं असतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "चालतं हो. शिस्तीवर आहे."

लालबागच्या आमच्या कट्ट्यावर ऑक्टोबर २०२३ पासून दोन तट आहेत. एक इस्रायलवाला, एक पॅलेस्टाइनवाला. दहा मिनिटांत वाद भेंडीबाजारावर येतो. तेल अवीव आणि गाझा ही नावं पुढे येतच नाहीत. मी हे आग्रीपाड्याच्या ओळखीच्या एका बेने इस्रायली आजोबांना सांगितलं. त्यांची दोन्ही मुलं इस्रायलमध्ये, अश्दोदला. सायरन झाला की आधी फोन इकडे येतो, मग ती तळघरात जातात. आजोबा हसले. "मला रोज कुणीतरी अभिनंदन करतं नाहीतर जाब विचारतं. परवा खालचा पोरगा म्हणाला, अंकल, तुमच्या लोकांना सांगा ना लहान मुलांना मारू नका. काय सांगू त्याला? मी त्याला म्हटलं, अरे, माझे लोक माझं ऐकत असते तर गेलेच नसते." मग थांबून म्हणाले, "बरोबर बोलला तो, पण. पोरांना मारू नये."

परत निघालो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. सात रस्त्यावर टॅक्सी मिळाली. वरळीकडे वळताना ड्रायव्हर, साताऱ्याकडचे असावेत, पाटीकडे बघून म्हणाले, "साहेब, तीस वर्षं या रोडला गाडी चालवतोय. हे मोझेस कोण? ख्रिश्चन का?"

"नाही काका," मी म्हटलं, "मुरूडजवळच्या राजपुरीचे."